फुरशाशेजारी हात

पुना लळिंगच्या घाटाखाली आग्रा रोडची खडी फोडत असे. पेरणी-कापणीचे दिवस सोडले तर वर्षातले सात महिने त्याचे तेच काम. खडी फोडणे म्हणजे दगडावर घण घालणे असे लोकांना वाटते. तो भाग सोपा. धोंडा फुटला की उकिडवे बसून त्याचे तुकडे पायांमध्ये धरायचे, लहान हातोड्याने दोन-दोन इंचांचे करायचे, आणि प्रत्येक तुकडा मुकादमाच्या लोखंडी कड्यातून पार गेला पाहिजे. बाकीचे लोक ढिगाच्या पोटात डबर भरत आणि वरून चांगली खडी पसरत. पुनाचा ढीग कुठूनही उकरला तरी एकाच मापाची खडी निघे. म्हणून संध्याकाळी त्याचा ढीग सगळ्यांत लहान दिसे.

“पुना, तू खडी फोडस का मणी घडस?” छगन मुकादम विचारी. सगळी रांग हसे.

पुना पुढचा तुकडा पायांमध्ये धरी. वरून चांगले आणि आत कसेही, असे काम पाहिले की त्याला किळस येई. खरकट्या भांड्यावर माशा बसलेल्या पाहाव्यात तशी.

दगड उचलण्याचीही त्याची रीत होती. दगडाची पलीकडची कड धरायची आणि दगड आपल्याकडे ओढून उभा करायचा. म्हणजे खाली विंचू-साप जे असेल ते आणि आपण यांच्यामध्ये दगड राहतो. जिवाला पळायला वाट पलीकडे मोकळी. यात कंबर जास्त दुखते. अलीकडची कड उचलली तर दगड लवकर पालथा होतो, कंबर वाचते, पण हात सरळ खालच्या अंधारात जातो.

त्याचा मेहुणा मगन अलीकडची कड उचली. एकोणीसशे चौतीसच्या भादव्यात त्याने असाच एक दगड उचलला आणि बोट झटकले. दगडाखाली फुरसे होते. वीतभर आणि वर चार बोटे. मातकट अंग, डोक्यावर बाणासारखी खूण. पुनाने हातोड्याने ते चेपले, उलटेपालटे केले आणि म्हणाला, “किडूक शे रे. काही व्हत नही. चुना लाव.”

मगनने चुना लावला आणि दुपारपर्यंत खडी फोडली. संध्याकाळी त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दुसऱ्या दिवशी लघवीतून. तिसऱ्या दिवशी पुनाने आणि भागाबाईने त्याला बैलगाडीत घालून धुळ्याच्या दवाखान्यात नेले. भागाबाई म्हणजे पुनाची धाकटी बहीण, मगनची बायको. सहाव्या दिवशी मगन गेला.

डॉक्टरांनी विचारले होते, “साप केवढा होता?”

पुनाने हात ताणून वीत दाखवली आणि पुढे चार बोटे ठेवली.

डॉक्टर म्हणाले, “नाग चावलेला माणूस दोन तासांत माझ्या दारात येतो. हे चावलेला तिसऱ्या दिवशी येतो. का, तर चावलं ते एवढंसं. पाहणारा म्हणतो, काही होत नाही.”

ते म्हणणारा पुनाच होता. हे त्याने डॉक्टरांना सांगितले नाही. भागाबाईलाही नाही. ती नवऱ्याच्या पायथ्याशी बसली होती, आणि दगड आधी कोणी उचलला, नंतर कोण काय बोलले, हे तिने कधी विचारले नाही.

वर्षभराने डॉक्टरांनी पुनाला बोलावणे पाठवले. त्यांनी एक तक्ता छापायचे ठरवले होते. वर नाग, मण्यार, घोणस, फुरसे अशा चार विषारी सापांचे फोटो. खाली मोठ्या अक्षरांत चार ओळी. गावोगावच्या चावडीत तो टांगायचा. “वाचता न येणाऱ्यालाही फोटो बघून साप ओळखता आला पाहिजे,” ते म्हणाले. फोटोचे काम धुळ्यातल्या लीलाधरशेठकडे दिले होते. त्याला रानाची वाट दाखवायला आणि सामान उचलायला खात्रीचा माणूस हवा होता.

पुनाने लगेच होकार दिला. तक्ता त्यालाही वाचता येणार नव्हता. पण चावडीत उभा राहून कोणी फुरशाच्या फोटोकडे बघेल आणि म्हणेल, हे एवढेसे, पण हेच ते, हे त्याला पाहिजे होते. दुसरे काही नको होते.

लीलाधर गोरा, गुबगुबीत, तोंडात कायम विडा. लग्नाच्या जोडप्यांचे आणि मारवाड्यांच्या म्हाताऱ्यांचे फोटो काढून त्याचे नाव झाले होते. पहिल्याच दिवशी त्याने पुनाला स्टुडिओच्या मागच्या अंगणात नेले. तिथे एक गारुडी बसला होता. अंगणात चार पाट्या माती, दोन दगड आणि वाळल्या गवताची पेंढी पसरून ठेवलेली.

“हे रान,” लीलाधर म्हणाला आणि स्वतःच हसला.

गारुड्याने टोपलीतून नाग काढला. नागाने फणा काढला, पण तोंड उघडले नाही. पुना वाकून बघू लागला. नागाचे ओठ काळ्या दोऱ्याने शिवलेले होते. टाके जुने होते. दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी पू आला होता आणि त्यात मुंग्या अडकून मेल्या होत्या.

“दोरा दिसणार नाही असा धर रे,” लीलाधर गारुड्याला म्हणाला. “डाव्या अंगाने.”

पुनाने तोंड फिरवले. 

मण्यारीचे त्याहून वाईट. ती मेलेली होती. कोणीतरी काठीने मारून आणलेली, तीन दिवसांची. लीलाधरने तिच्या पोटातून तार घालून तिला वळणे दिली, डोके दगडावर टेकवले आणि स्वतःच्या नाकाला अत्तराचा रुमाल बांधला. पुनाला रुमाल नव्हता. त्याने डाव्या हाताने माशा हाकल्या आणि उजव्या हाताने पांढरी चादर धरून सावलीच्या बाजूला उजेड पाडला. तार थोडी बाहेर दिसत होती. लीलाधरने तिच्यावर पान ठेवले.

“शेठ, ही कुजली आहे.”

“फोटोला वास येत नाही, पुना.”

घोणस जिवंत होती, पण तिला रात्रभर बर्फाच्या गोणीत ठेवले होते. सकाळी ती लाकडासारखी निघाली. लीलाधरने तिचे कडे करून गवतात ठेवले आणि फोटो झाल्यावर, ज्या काचेवर तो उतरला होता तिच्या पाकिटावर लिहिले. पुनाने विचारले काय लिहिले. लीलाधरने वाचून दाखवले: “लळिंगच्या कुरणात, जिवंत, चार हातांवरून.”

तीन दिवसांत तीन साप झाले. पुना घरी येऊन अंगावर दोन-दोन घागरी पाणी घेई. मगन गेल्यापासून भागाबाई त्याच्याकडेच राहत होती. ती विचारी, “दादा, इतला काय घासी राह्यना?” तो आणखी एक तांब्या ओतून घेई. मेलेल्या सापाचा वास धुऊन निघे. बाकीचे निघत नसे.

“आता फुरसं,” लीलाधर म्हणाला. “डब्यात घालून आण. जिवंत नसलं तरी चालेल.”

“नाही आणणार.”

“का?”

“ते डोंगरात आहे. तुम्ही डोंगरात या.”

लीलाधरने गारुड्याला विचारले. पण फुरशाला गारुडी हात लावत नाहीत. ते फणा काढत नाही, डोलत नाही, त्याला बघायला कोणी थांबत नाही. शिवाय ते इतके लहान की तोंड शिवायला सुई कुठून घालणार? दुसरा कोणी आणून देईना. तेव्हा शेवटी लीलाधरला डोंगरात यावे लागले.

पौषाचे दिवस होते. कॅमेरा, तिवई, सहा काचा, काळे कापड, पाण्याचा चंबू, सगळे मिळून अर्धा मण ओझे. घाटाच्या पायथ्यापर्यंत टांगा. पुढे पुनाच्या डोक्यावर. लीलाधर मागून हातात छत्री घेऊन येई. पहिल्या चार सकाळी त्याला उशीर झाला. फुरसे थंडीच्या सकाळी उन्हाला येते, दगडावर अंग शेकते आणि ऊन तापले की फटीत जाते. तेवढा वेळ म्हणजे विडा लावून खाऊन होईल एवढा. लीलाधर येईपर्यंत दगड रिकामे.

मग पुनाने त्याला सांगितले, आठ दिवस येऊ नका. आठही दिवस तो एकटा उजाडायच्या आत डोंगरावर गेला. दगड उलटले नाहीत, नुसता बसला. कोणत्या खडकावर ऊन आधी येते, सावली कुठून सरकते, हे पाहिले. एका सपाट काळ्या खडकावर सालईच्या झाडाची सावली हटली की कडेच्या फटीतून एक फुरसे निघे आणि खडकाच्या त्याच कोपऱ्यात वेटोळे घाली. आठपैकी सहा दिवस. पुनाने खडकासमोर तिवईच्या तीन पायांसाठी तीन खळगे पाडले, कॅमेरा ठेवायच्या वेळी खडखडाट होऊ नये म्हणून. घण वापरला नाही. छिन्नीने, हलक्या हाताने, फुरसे आत गेल्यावर, रोज थोडे. तीन खळग्यांना चार दिवस लागले.

नवव्या दिवशी लीलाधर वेळेवर आला. तिवई खळग्यांत बसली, आवाज झाला नाही. सावली सरली, फुरसे आले. लीलाधरने काळे कापड डोक्यावर घेतले, कॅमेऱ्याचा भाता लांब ओढला आणि आतून त्याचा हुंकार ऐकू आला.

“पुना, ये. बघ.”

पुनाने कापडात डोके घातले. समोर दुधी काच. तिच्यावर फुरसे उलटे दिसत होते, खडक वर आणि साप खाली. एकेक खवला गव्हाच्या दाण्याएवढा. डोळा वाटाण्याएवढा. अंग माणसाच्या मनगटाएवढे जाड. काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सापच साप.

“कसं आहे?” लीलाधर हळू आवाजात म्हणाला. “जन्मात असा फोटो कोणी काढला नसेल.”

“हे फुरसं नाही.”

“म्हणजे?”

“फुरसं एवढं नसतं.”

“अरे, जवळून घेतलं की मोठं दिसतं. चारही साप एका मापाचे येतील. तक्ता कसा देखणा होईल!”

पुनाला कळले. तिकडे घोणस अंगाने तीन हात लांब, इकडे हे वीतभर, आणि तक्त्यावर दोघे एकाच मापाचे. चावडीत पाहणारा माणूस चार मोठे साप पाहील. दगडाखालून वीतभर काही निघाले तर म्हणेल, हे त्यातले नाही, हे किडूक आहे. पुना स्वतः हेच म्हणाला होता. आता ते सरकारी कागदावर छापून चाळीस गावांत टांगले जाणार होते.

“शेजारी काहीतरी ठेवू,” तो म्हणाला. “खडीचं कडं ठेवतो.”

“तुझं कडं कोणाला माहीत?”

हे खरे होते. रस्त्यावरच्या माणसाखेरीज ते कडे कोणी पाहिलेले नव्हते. सगळ्यांनी पाहिलेले असे काय असते? पुनाने विचार केला. फार करावा लागला नाही.

“कॅमेरा हातभर मागे घ्या,” तो म्हणाला. “मी हात ठेवतो.”

“वेडा झालास?”

“वेळ चालला आहे, शेठ. ऊन तापतंय.”

लीलाधरने कॅमेरा मागे घेतला. मागे खळगे पाडलेले नव्हते. पुनाने तिवईच्या पायांखाली कापड घातले. मग तो खडकाच्या कडेने गुडघ्यांवर गेला. डावा हात त्याने खडकावर टेकवला, आणि खडकावरून तो उचलला नाही, सरकवला. बोटाबोटाने. फुरशाने अंगाची वेटोळी एकमेकांवर घासायला सुरुवात केली. करवतीने सुके लाकूड कापावे तसा आवाज. फुरशाची झेप किती जाते हे पुनाने पाहिलेले होते. तेवढे अंतर आणि वर दोन बोटे त्याने ठेवली. त्याहून लांब ठेवले असते तर हात आणि साप एका नजरेत आले नसते.

लीलाधरने कॅमेऱ्याच्या भिंगावरची टोपी काढली, तीन मोजले आणि टोपी लावली. पुनाने हात आला तसाच मागे घेतला.

चार दिवसांनी तो स्टुडिओत गेला. लीलाधरने फुरशाचा फोटो टेबलावर ठेवला. मोठा, स्वच्छ, खवले मोजून घ्यावेत असा. हात नव्हता.

“हात कुठे?”

“काढला.” लीलाधर विडा चघळत होता. “फोटोत माणसाचा हात आला की लोक हात बघतात, सापाकडे बघत नाहीत. आणि हात तरी कसला? नखं फुटलेली, बोटं वाकडी. चावडीत काय मजुराचा हात टांगायचा?”

“काढला कसा?”

लीलाधरने काच कापायची हिरकणी दाखवली. मूळ काच त्याने उभी चिरली होती. हाताचा तुकडा मोरीजवळच्या बादलीत, विड्याच्या थुंकीत आणि जुन्या काचांत पडला होता. पुनाने तो काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. अशा काचेत उजळ ते काळे उतरते; उजेडासमोर धरल्यावर हात काळा दिसला, नखे त्याहून काळी. आठ सकाळी आणि चार दिवसांची छिन्नी या माणसाने विडा थुंकावा तशी थुंकली होती. ते त्याला लागले. पण त्याहून जास्त दुसरेच लागले. मेलेली मण्यार तारेवर चढवली तरी ती मण्यार दिसत होती. शिवलेला नाग नाग दिसत होता. डोंगरातून खरा, जिवंत, जागच्या जागी घेतलेला एकच फोटो होता, आणि खोटा तोच होता.

“एक फोटो मला द्या,” तो म्हणाला.

“घे ना. घरी लाव.”

पुना घरी आला नाही. भागाबाई रस्त्यावर खडी वाहत होती, तिथे तो गेला. तिने पाटी खाली ठेवली. पुनाने फोटो तिच्यासमोर धरला. मगनला चावलेले फुरसे तिने ढिगापाशी पडलेले, चेपलेले का होईना, डोळ्यांनी पाहिले होते. गावात दुसरे कोणी ओळखो न ओळखो, ती ओळखेल असे त्याला वाटत होते. तिने ओळखावे आणि आपणच उगीच डोके खाजवतो आहोत असे निघावे, असेही थोडे वाटत होते.

“काय शे हाऊ?” त्याने विचारले.

भागाबाईने कपाळावरचा घाम पुसून बघितले. “अजगर शे. कोठे सापडना?”

“नीट देख.”

“देखस ना नीट. कितला मोठा शे, माय!”

पुनाने फोटो खाली केला. आपले बरोबर निघाले याचा त्याला काडीचा आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो भागाबाईला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी लीलाधरला बोलावून घेतले. टेबलावर चारही फोटो मांडले होते. पुनाने चिरलेला काचेचा तुकडा त्यांच्याशेजारी ठेवला आणि काय झाले ते सांगितले. नाग, मण्यार आणि घोणस कशी घेतली तेही सांगितले.

डॉक्टरांनी लीलाधरकडे पाहिले, मग मण्यारीच्या फोटोकडे. “मेलेली असली तरी मण्यार मण्यारीसारखी दिसते आहे,” ते म्हणाले. “लोकांना ओळखता येईल. ते राहू द्या.”

पुनाला हे गिळायला जड गेले, पण त्याने गिळले. “आणि फुरसं?”

“डॉक्टरसाहेब,” लीलाधर म्हणाला, “फुरसं तर यात सगळ्यांत उत्तम आलं आहे. शाळेतलं पोरही ओळखेल.”

“हिला विचारा,” पुना म्हणाला.

डॉक्टरांनी फोटो भागाबाईपुढे केला. तिने पदर सावरला, एकदा भावाकडे पाहिले आणि म्हणाली, “अजगर शे, साहेब.”

“हिच्या नवऱ्याला फुरसं चावलं होतं,” पुना म्हणाला.

 डॉक्टरांनी काचेचा तुकडा आणि लीलाधरने आणलेली कापलेली काच एकमेकांना लावून पाहिली. “पुण्याला छपाईचे ब्लॉक करणारे जोडून देतील. मध्ये एक रेघ राहील, एवढंच.”

“झालं तर,” लीलाधरने मान हलवली. “मी आजच पाठवतो.”

“रेघ नको,” पुना म्हणाला.

“का रे?”

“रेघ दिसली की लोक म्हणतील, हात मागून चिकटवला. मग साप केवढाही असू शकतो. पुन्हा काढायचा.”

लीलाधर उखडला. “पुन्हा? डॉक्टरसाहेब, याला काय कळतं? खडी फोडणारा माणूस. याला एवढं काय पडलं आहे यात?”

पुनाने खाली पाहिले. टेबलाच्या पायाजवळची फरशी कोणीतरी नीट बसवली नव्हती, एक कोपरा वर आला होता. त्याकडे बघत तो म्हणाला, “मगनला चावलं तेव्हा मीच म्हणालो, किडूक आहे. चुना लाव म्हणालो. दुपारपर्यंत त्याला कामाला ठेवला.”

भागाबाईने भावाकडे पाहिले नाही. ती उठली आणि बाहेर जाऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसली.

डॉक्टर म्हणाले, “लीलाधरशेठ, फोटो पुन्हा काढा. हातासकट. आणि काच न कापता इथे आणा.”

परत येताना भागाबाई पुनाच्या दहा पावले पुढे चालली. घरी तिने त्याला भाकर वाढली, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुनाने समजूत काढली नाही. काय समजूत काढणार? जे म्हटले ते म्हटले होते.

आता फाल्गुन लागला होता. थंडी गेली होती आणि सकाळचे ऊनही चावत होते. थंडीतले फुरसे सुस्त असते, फाल्गुनातले जागे. ज्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे हे काम दुसऱ्यांदा करावे लागत होते तो छत्री घेऊन मागून येत होता आणि चढावर दर दहा पावलांना थांबत होता. पुनाला त्याचा धापा टाकण्याचा आवाजही नकोसा वाटत होता. हातभर मागे तिवईसाठी त्याने आधीच नवे तीन खळगे पाडून ठेवले होते. दोन सकाळी फुरसे आले नाही. तिसऱ्या सकाळी आले, आणि आले तेच घासत आले.

पुना गुडघ्यांवर गेला. पहिल्या वेळी त्याला भीती वाटली नव्हती. तेव्हा त्याला एवढेच माहीत होते की हात ठेवायचा आहे. या वेळी हात खडकावर टेकवला तेव्हा मगनचे बोट त्याला दिसले, सुजून काळे पडलेले. हात सरकेना. त्याने खडीवर बसताना घेतो तसा श्वास घेतला आणि एकेक बोट पुढे नेले. अंतर तेवढेच ठेवले. झेपेइतके आणि वर दोन बोटे. फुरशाने डोके मागे ओढले. आता ते त्याच्या हाताकडे बघत होते.

“काढा,” तो म्हणाला.

 लीलाधरने टोपी काढली. “एकदोनतीन,” तो एका दमात म्हणाला आणि टोपी लावली. “झालं. हात घे.”

पुनाने हात घेतला नाही. एवढ्या घाईने फोटो काळोखा येतो, हे त्याने दहा वेळा ऐकले होते.

“झालं म्हणतोय ना!”

“नाही झालं. काच बदल.”

“पुना—”

“काच बदल. आणि नीट मोज.”

शेठला त्याने अरेतुरे केले हे दोघांच्याही ध्यानात आले, पण बोलायची वेळ नव्हती. लीलाधरने काच बदलली. खडखडले. फुरशाच्या अंगाची करवत जोरात चालू झाली. पुनाचा घाम मनगटावरून खडकावर टपकला. त्या थेंबाकडे फुरशाने मान वळवली आणि पुन्हा हाताकडे आणली.

“टोपी काढ,” पुना म्हणाला. “मी मोजतो. एक.”

धोंड्यावर घण उचलून पुन्हा पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याने जाऊ दिला.

“दोन.”

पुन्हा तेवढाच.

“तीन. लाव.”

टोपी लागल्यावर तो हात काढू लागला. आला तसाच, बोटाबोटाने. करंगळी शेवटी निघाली आणि त्याच क्षणी फुरशाने झेप घेतली. ते रिकाम्या खडकावर आपटले, हाताच्या जागेला दोन बोटे कमी पडून, आणि सरसरत फटीत गेले. लीलाधर छत्री टाकून मागे पळाला होता. पुना तिथेच बसून राहिला. थोड्या वेळाने उठून त्याने कॅमेरा उतरवला, काचा फडक्यात गुंडाळल्या, तिवई बांधली. लीलाधरची छत्री उतारावरून खाली गवतात गेली होती. ती शोधायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

आषाढात तक्ता छापून आला. त्यांच्या गावच्या चावडीत कोतवालाने तो खिळ्याला टांगला. चार साप, खाली चार ओळी, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक नाव. पुनाने कोतवालाला वाचायला लावले. लीलाधरचे नाव होते, आणि पुढे: स्वतः रानात जाऊन, जीव धोक्यात घालून घेतलेले फोटो. पुना चावडीच्या बाहेर येऊन थुंकला.

दोन दिवसांनी भागाबाई चावडीकडे आली. बायका चावडीत जात नसत. ती दारातच उभी राहिली. पुना आत कोतवालाशी बोलत होता. नाग, मण्यार, घोणस यांवरून तिची नजर लवकर सरकली. चौथ्यावर थांबली. काळा खडक, त्यावर फुटक्या नखांचा डावा हात, आणि हाताशेजारी, पंजाएवढेही नाही असे वेटोळे, डोक्यावर बाण.

ती उंबरा ओलांडून आत आली. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर कामापुरते सोडून ती भावाशी बोलली नव्हती.

“हाईच व्हतं,” ती म्हणाली. मग, तक्त्यावरच्या त्या हातावरून नजर न काढता, “दादा, हात काढ ना तठेन.”